विंडोज ११: होम, सिंगल लँग्वेज की प्रो?

विंडोज ११ होम आणि विंडोज ११ प्रो एकाच वेगाने चालतात. गेम, ब्राउझर, टॅली, व्हिडिओ एडिटिंग यांना खाली कोणतं एडिशन आहे याने काही फरक पडत नाही. डिफेंडर अँटिव्हायरस, फायरवॉल आणि दर महिन्याच्या सुरक्षा अपडेट दोघांनाही सारख्याच मिळतात. प्रोमध्ये जास्तीचं जे आहे ते ऑफिसच्या व्यवस्थेचं: दुसरीकडून कॉम्प्युटर चालवणं, डिस्कला नीट कुलूप लावणं, धोरणं ठरवणं, कंपनीच्या नेटवर्कला जोडणं. यातली तुम्हाला लागणारी गोष्ट नेमकी सांगता येत असेल तर प्रो घ्या. ‘असलेलं बरं’ म्हणून घेऊ नका. होमवरून प्रोवर पुढे केव्हाही, डेटा न पुसता, थोड्या वेळात जाता येतं. प्रोवरून होमवर यायचं तर मात्र फॉरमॅट मारावा लागतो.

आणखी एक गैरसमज दुकानात हमखास ऐकू येतो. प्रो घेतलं की वर्ड-एक्सेल सोबत येतात, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा परवाना वेगळा असतो, त्याचा एडिशनशी संबंध नाही.

सध्या काय आहे ते आधी तपासा

सेटिंग्ज → सिस्टिम → अबाउट उघडा आणि खाली ‘विंडोज स्पेसिफिकेशन्स’ बघा. तिथे एडिशन आणि व्हर्जन असे दोन वेगळे रकाने दिसतील. होम, प्रो ही एडिशन. २४एच२, २५एच२ ही व्हर्जन. व्हर्जन दरवर्षी नवीन येतं आणि फुकट येतं. होम आणि प्रोच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने अपडेट मिळतात, एज्युकेशन आणि एंटरप्राइझला ३६ महिने. २४एच२ची होम-प्रोवरची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. म्हणजे मुदत वाढवून मिळेल म्हणून प्रो घेण्यात अर्थ नाही.

मग सेटिंग्ज → सिस्टिम → अ‍ॅक्टिव्हेशन बघा. तिथे डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं असेल तर बहुधा सगळं ठीक आहे. घरच्या लॅपटॉपवर ‘संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर समजा की कोणीतरी क्रॅक टाकलेला आहे. मोठ्या कंपन्यांसाठी केएमएस नावाची व्यवस्था असते. तिच्यातलं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मुदतीच्या आत कंपनीच्या सर्व्हरकडून नवं करून घ्यावं लागतं. क्रॅकवाले याच व्यवस्थेची नक्कल करतात. त्यासाठी बसवलेला प्रोग्राम कुठून आला आणि मागे काय करतो, ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गंमत अशी की अशा कित्येक लॅपटॉपना क्रॅकची गरजच नसते. लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजसह (होमचाच एका भाषेपुरता प्रकार) आलेला असतो. कधीतरी तो फॉरमॅट होतो आणि हार्डवेअरवाला स्वतःच्या पेनड्राइव्हमधलं ‘प्रो’ टाकून देतो. मूळ परवाना मात्र मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (म्हणजे बायोसमध्ये, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम साठवलेल्या प्रोग्राममध्ये) तसाच असतो. तो परत मिळवायला पैसे लागत नाहीत.

ते असं करा. डेटाचा बॅकअप घ्या. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करा. त्या पेनड्राइव्हवरून बूट करा. फर्मवेअरमध्ये परवाना असेल तर इन्स्टॉलर एडिशन विचारत नाही, होम सिंगल लँग्वेज स्वतःच निवडतो. इंटरनेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेशनही आपोआप होतं.

दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब झालेली नसते, इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तो घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. दुसरं, वायफायचा ड्रायव्हर नसतो आणि सेटअपला तर इंटरनेट हवंच असतं. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा.

सिंगल लँग्वेजची अडचण

भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा साधं होम नसतं, होम सिंगल लँग्वेज असतं. खोक्यावर आणि बिलावर ते ‘होम एसएल’ असं छापतात. साध्या होममध्ये आणि यात एवढाच फरक की विंडोजच्या मेनूंची भाषा एकदा ठरली की बदलता येत नाही. इंग्रजीत घेतलं तर इंग्रजीच.

म्हणून मराठी टायपिंग बंद होतं असं समजू नका. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन इथे जाऊन ‘अ‍ॅड अ लँग्वेज’मधून मराठी घ्या, मग कीबोर्ड जोडा. इनस्क्रिप्ट आहेच. शिवाय २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही सोबत येतं. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. युनिकोड मराठी सगळीकडे चालतं, सिंगल लँग्वेजवरही. भाषा जोडताना ‘डिस्प्ले लँग्वेज म्हणून वापरा’ ही खूण चालणार नाही, तेवढंच.

अडचण खरी येते ती परदेशातून लॅपटॉप आणताना किंवा जुना विकत घेताना. मेनू जपानी किंवा अरबीत असतील आणि एडिशन सिंगल लँग्वेज निघालं, तर ते इंग्रजी करायला पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल किंवा प्रोवर जावं लागेल. प्रोमध्ये भाषेचं हे बंधन नाही. एकाच घरात कोणाला मेनू मराठीत हवेत आणि कोणाला इंग्रजीत, तर तेही सिंगल लँग्वेजवर जमत नाही. जुना लॅपटॉप बघायला गेलात तर पैसे देण्याआधी अबाउटचं पान उघडून बघा.

प्रो कशासाठी घ्यावं

रिमोट डेस्कटॉप हे पहिलं कारण. होमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं, पण होमला कोणी जोडू शकत नाही. ज्या मशीनवर बसल्यासारखं काम दुरून करायचं आहे, तिथे प्रो हवं. ज्यावरून जोडायचं तिथे होम, मॅक, फोन काहीही चालतं. म्हणजे ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरसाठी प्रो घेतलं की झालं, घरच्या लॅपटॉपलाही घ्यायचं कारण नाही.

सेटिंग्ज → सिस्टिम → रिमोट डेस्कटॉप इथे ते सुरू करा. त्यानंतर जोडणी होत नसेल तर बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक कारण निघतं. पिन टाकून रिमोट लॉगिन होत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेल्या लोकल खात्यालाही आत घेतलं जात नाही. कॉम्प्युटर झोपलेला असेल तर तो उत्तर देणार नाही, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा.

ऑफिसमध्ये टॅली असेल तर इथे जपून. प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. बाहेरून कोणी जोडलं की समोर बसलेल्याची स्क्रीन लॉक होते. तीन जणांना एकाच मशीनवर एकाच वेळी रिमोटने बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे रिमोट डेस्कटॉपचे परवाने घ्यावे लागतात. प्रोवर अनेक सेशन उघडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामनी परवान्याच्या अटी मोडतात आणि पुढच्या एखाद्या अपडेटनंतर ते सोमवारी सकाळी बंद पडलेले सापडतात. सगळे एकाच ऑफिसात बसत असतील तर हा खटाटोप नकोच. टॅलीप्राइमचा गोल्ड परवाना (एका लॅनवर अनेकांना चालणारा) घ्या, डेटाचा फोल्डर लॅनवर शेअर करा. फोल्डर शेअर करायला होमही पुरतं, परवान्यानुसार एका मशीनला २० पर्यंत उपकरणं जोडता येतात.

आणि राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉप ज्या दारातून चालतो ते) बाहेर उघडू नका. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या रिमोट डेस्कटॉपवर पासवर्ड लावून बघण्याचा उद्योग दिवसरात्र चाललेला असतो. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आत शिरण्याची ही जुनी वाट आहे. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून बांधलेला खासगी रस्ता) लावा आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरा. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही साधत नाही. महिन्यातून दोनदा आईबाबांच्या कॉम्प्युटरवर काही दुरुस्त करून द्यायचं, एवढीच गरज असेल तर प्रो विसरा. रस्टडेस्क, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप हे होमवर व्यवस्थित चालतात.

दुसरं कारण बिटलॉकर, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून डिस्कला लावायचं कुलूप. पण इथे सांगण्यासारखं होमबद्दलच जास्त आहे. होममध्ये ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ या नावाने त्याचीच साधी आवृत्ती आहे. २४एच२ नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की पात्र मशीनवर ते न विचारता सुरू होतं. हे कुलूप उघडणारी रिकव्हरी की ४८ अंकी असते आणि त्या खात्यात साठवली जाते. पुढे बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) बंद झालं, की निळ्या पडद्यावर ते ४८ अंक मागितले जातात. ते नसतील तर डेटा गेला. कुठलाही दुरुस्तीवाला तो काढून देऊ शकत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही.

लॅपटॉप दुकानदाराने ‘सेट करून’ दिला असेल आणि त्याने स्वतःच्या किंवा घाईत बनवलेल्या ईमेलने लॉगिन केलं असेल, तर तुमची रिकव्हरी की त्या खात्यात पडलेली आहे. म्हणून आजच सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → डिव्हाइस एनक्रिप्शन बघा. ते सुरू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर ‘डिव्हाइसेस’मध्ये जाऊन रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. ती तिथे नसेल तर एनक्रिप्शन बंद करा, डिस्कचं कुलूप पूर्ण निघू द्या आणि स्वतःच्या खात्याने पुन्हा सुरू करा.

प्रोमधल्या बिटलॉकरने कोणती ड्राइव्ह कुलूपबंद करायची ते ठरवता येतं, रिकव्हरी की फाइलमध्ये किंवा छापून ठेवता येते, सुरू होतानाच पिन मागता येतो आणि पेनड्राइव्हलाही कुलूप लावता येतं. असा पेनड्राइव्ह होमवर पासवर्ड देऊन उघडतो, पण होमवर बनवता येत नाही. पक्षकारांची, रुग्णांची किंवा ग्राहकांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घेऊन फिरणाऱ्या वकील, डॉक्टर, सीए मंडळींनी एवढ्यासाठीही प्रो घ्यावं.

तिसरं, ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजने कसं वागायचं याची धोरणं एका जागी ठरवण्याची सोय. दोन्ही एडिशनमध्ये अपडेट पाच आठवडे थांबवता येतात, मग मात्र घ्याव्याच लागतात. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटरमधून मासिक अपडेट ३० दिवस आणि व्हर्जनचं मोठं अपडेट ३६५ दिवस मागे ठेवता येतं, किंवा कोणत्या व्हर्जनवर थांबायचं ते ठरवता येतं. दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रयोगशाळेतल्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर, जुन्या ड्रायव्हरवर चालणारा प्रिंटर अशा ठिकाणी याचा उपयोग होतो. होमवर हा एडिटर ‘बसवून’ देणाऱ्या स्क्रिप्ट इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या चालवल्यावर खिडकी उघडते, बदल साठवल्यासारखाही वाटतो, पण होम त्यातली बरीच धोरणं पाळतच नाही. मग ‘मी तर अपडेट बंद केलं होतं’ अशी तक्रार येते.

कंपनीचा डोमेन किंवा एंट्रा आयडी (कर्मचाऱ्यांची खाती आणि कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळण्याच्या व्यवस्था) लागत असेल तर प्रश्नच मिटतो, प्रोच हवं. पण तो निर्णय आणि खर्च कंपनीच्या आयटी विभागाचा आहे. स्वतः विकत घेण्याआधी त्यांना विचारा, कारण अनेकदा परवाना तेच देतात.

हायपर-व्ही (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवण्याची सोय) आणि विंडोज सँडबॉक्स हेही प्रोमध्येच. सँडबॉक्स उपयोगी आहे. संशयास्पद फाइल उघडून बघायची आणि खिडकी बंद केली की सगळं नाहीसं. त्याला बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू लागतं आणि किमान ४ जीबी रॅम, पण ८ जीबीच्या खाली त्याच्या नादी लागू नका. नुसतं लिनक्स शिकायचं असेल तर होमवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालतं आणि व्हर्च्युअलबॉक्सही चालतो. विद्यार्थ्यांनी एवढ्यासाठी प्रोवर पैसे घालवू नयेत.

रॅमची मर्यादा होममध्ये १२८ जीबी आणि प्रोमध्ये २ टीबी आहे. हे वाक्य वाचून तुम्हाला विचार करावा लागला नाही, तर ती मर्यादा तुमच्यासाठी नाही.

बाकीची नावं

एस मोड हे एडिशन नाही, होमवर लावलेलं बंधन आहे. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम बसतात, त्यामुळे साधा प्रिंटर ड्रायव्हरही अडू शकतो. सेटिंग्ज → सिस्टिम → अ‍ॅक्टिव्हेशनमधून स्टोअरमध्ये जाऊन ‘गेट’ दाबलं की ते फुकट निघतं. परत लावता येत नाही, आणि लावायची वेळही सहसा येत नाही.

नावाच्या शेवटी एन असलेली एडिशन युरोपसाठी आहे. युरोपीय आयोगाच्या २००४मधल्या निर्णयानंतर मीडिया प्लेअर काढून ती बनवली गेली. इन्स्टॉलरच्या यादीत चुकून ती निवडली तर व्हिडिओ आणि कॅमेऱ्याचे प्रोग्राम रुसतात. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून मीडिया फीचर पॅक घ्या, ठीक होतं.

प्रो फॉर वर्कस्टेशन्स चार प्रोसेसरच्या आणि ६ टीबीपर्यंत रॅमच्या मशीनसाठी आहे. एज्युकेशन संस्थेमार्फत मिळतं. तुमचं कॉलेज देत असेल तर जरूर घ्या, त्यात एंटरप्राइझची बहुतेक सोय असते.

एलटीएससी या बराच काळ न बदलणाऱ्या खास एडिशनचं वेड यूट्यूबमुळे वाढलं आहे: हलकं आहे, जाहिराती नाहीत, वर्षानुवर्षं नवीन व्हर्जन येत नाही. यातलं बरंचसं खरं आहे. पण ते व्हॉल्यूम परवान्याने (कंपन्या घाऊक घेतात त्या) किंवा उपकरण बनवणाऱ्यांनाच मिळतं, त्यात स्टोअर नसतं, आणि घरगुती ग्राहकाला ते सरळ मार्गाने विकत मिळत नाही. तीनशे रुपयांत विकत मिळालं असेल तर ते कशाचं आहे ते पुढे वाचा.

परवाना कोणता

लॅपटॉपसोबत आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डला बांधलेला असतो, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. स्वतः जोडलेल्या पीसीसाठी, आणि दर काही वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्यांसाठी, रिटेलच घ्यावं.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी प्रॉडक्ट की बहुधा कोणत्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम करारातली किंवा भंगारातल्या मशीनची असते. ती सुरुवातीला चालते. नंतर मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की अ‍ॅक्टिव्हेशन जातं आणि विक्रेत्याचं पानही गेलेलं असतं. बिलावर जीएसटी क्रमांक नसलेला परवाना व्यवसायाच्या मशीनवर टाकू नये.

होमवरून प्रोवर जाताना

होम आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असावं. सेटिंग्ज → सिस्टिम → अ‍ॅक्टिव्हेशन → ‘अपग्रेड युवर एडिशन ऑफ विंडोज’ उघडा. स्टोअरमधून घेतलं तर परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला जातो, म्हणून स्वतःच्या खात्याने लॉगिन करा. २५ अक्षरांची प्रॉडक्ट की असेल तर ‘चेंज’ दाबून ती टाका. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, प्रोग्राम आणि फाइल जागेवर राहतात. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या.

कोडसह नकार आला तर त्याचा शेवट वाचा. सी००३ म्हणजे ती की मायक्रोसॉफ्टने बंद केलेली आहे, विक्रेत्याकडे पैसे परत मागा. सी००८ म्हणजे ती ठरलेल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली आहे. एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदलल्यामुळे परवाना जुळत नाही. तेव्हा त्याच पानावरचा ट्रबलशूटर चालवा आणि ‘या उपकरणाचं हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडा. ‘विंडोज हलकं करणाऱ्या’ स्क्रिप्टने अपडेट सेवा बंद केली असेल तरी अपग्रेड अर्धवट थांबतं. ती सेवा आधी सुरू करा.

प्रो घेतल्यानंतर कधी फॉरमॅट मारावा लागला तर फर्मवेअरमध्ये होम असल्यामुळे इन्स्टॉलर पुन्हा होमच टाकेल. घाबरू नका, परवाना गेलेला नाही. त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा आणि अ‍ॅक्टिव्हेशनचा ट्रबलशूटर चालवा, किंवा तीच प्रॉडक्ट की पुन्हा टाका.

मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नसेल, म्हणजे टीपीएम २.० नसेल किंवा इंटेलचा प्रोसेसर ८व्या पिढीच्या आधीचा असेल, तर होम की प्रो हा प्रश्न सोडून द्या. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज १० २२एच२ असलेल्या घरगुती मशीनना वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वेळ काढता येतो. त्या मशीनसाठी आता प्रोचा परवाना विकत घेऊ नका.